सुगीचे दोन महिने

लोहारा
माघ शुद्ध चतुर्थी, १९४१

सौ. नीलम्माक्का यांना जगदेवीचा शरणार्थ.

आपण एकमेकींना पाहिलेलं नाही. शांताक्का माझ्या नणंद, तुमच्या ईटच्याच गल्लीत राहणाऱ्या, त्यांच्या बोलण्यात तुमचं नाव ऐकलं होतं तेवढंच. तुमची लेक काल दिवस मावळताना सुखरूप पोचली. चार दिवस गाडीचा प्रवास, वाटेत शांताक्कांनी कापसाच्या बोळ्यानं शेळीचं दूध पाजलं, त्यातलं निम्मं पोरीनं ओकून टाकलं. इथं आली तेव्हा रडायचीही ताकद नव्हती. मुठी तेवढ्या घट्ट मिटलेल्या.

माझं बाळ सहाव्या दिवशी गेलं हे तुम्हाला शांताक्कांनी सांगितलंच असेल. मुलगा होता. त्याला वीस दिवस होऊन गेले तरी पान्हा आटला नव्हता. सासूबाई ओव्याचा शेक देत होत्या, पट्टा बांधत होत्या, उपयोग नाही. तुमची पोर जवळ घेतली तर तिनं आधी तोंड फिरवलं, मग धरलं, मग सोडेचना. मी रडले. ती प्यायली.

तुमच्या बाळंतरोगाला आता उतार पडला का? दवाखाना लांब आहे हे ठाऊक आहे, पण बंडप्पांना सांगून भूमच्या हकिमाला तरी दाखवा. पोरीची फिकीर करू नका. तिच्या गळ्यातलं लिंग तुम्ही पिवळ्या दोऱ्यात बांधून दिलं होतं, दोरा भिजला म्हणून बदलला, लिंग तेच आहे.

तुम्ही बऱ्या व्हा आणि खुशाल घेऊन जा. परक्याची ठेव आहे हे मी विसरणार नाही.

जगदेवी हणमंतप्पा

ता. क. अक्षर मोठं काढलंय. तुम्ही बार्शीला माहेरी तीन यत्ता शिकलात असं शांताक्का म्हणाल्या. मी सोलापूरला चार शिकले.


लोहारा
कार्तिक वद्य द्वितीया, १९४१

नीलम्माक्का,

बंडप्पांचा निरोप पोचला. तुम्ही हिंडूफिरू लागलात, भाकरी थापता, हे ऐकून लई समाधान वाटलं. देवीची कृपा.

ज्वारीची पेरणी उरकली की पोरीला न्यायला येतो असं ते म्हणतात. त्याचं असं आहे अक्का, पोरीला खोकला आहे. छातीत घरघर होते. वैद्य म्हणाले, थंडीत गाडीचा प्रवास नको, उन्हाळा लागू द्या. अंगानंही अजून भरली नाही. तुम्ही आई आहात, तुम्हाला वेगळं काय सांगायचं. चार महिन्यांचा तर प्रश्न.

परवा दुकानाच्या ओट्यावरून रांगत उतरून रस्त्यावर गेली, बैल थांबवावे लागले. सगळा बाजार हसत होता.

नाव ठेवावं लागलं. नाव नसलेल्या पोरीला हाका तरी कशा मारायच्या? चंद्रप्रभा ठेवलं. आम्ही प्रभा म्हणतो. तुम्हाला विचारायला हवं होतं.

जगदेवी


लोहारा
वैशाख, १९४२

नीलम्माक्का,

ऊन मरणाचं आहे. अशात कुणी पोर घेऊन निघत नाही. शिवाय तुम्हाला पुन्हा दिवस गेल्याचं शांताक्कांकडून कळलं. आधीच्या तीन पोरी, घर, रान, आणि आता हे. तुमच्या अंगात अजून म्हणावी तशी ताकद नसेल.

घरच्यांनी, म्हणजे ह्यांनी, मला बजावलंय की हे पत्रात लिहू नकोस, समोरासमोर बोलावं. तरी लिहिते. ती माझ्याकडेच राहिली तर? आम्हाला दुसरं होणार नाही असं सुईणीनं सांगितलंय. इथं तिला काही कमी पडणार नाही.

नवरात्रात तुळजापूरला या. आम्ही येतो. पोरीला डोळ्यांनी बघा आणि मग सांगा. तुम्ही म्हणाल ते मान्य.

जगदेवी


लोहारा
आश्विन वद्य पंचमी, १९४२

नीलम्माक्का,

घरी पोचलो. तुमची गाडीही पोचली असेल. सातवा महिना, तशात चार दिवस धक्के खाल्लेत. पाठ कशी आहे?

धर्मशाळेतलं तुमचं रूप डोळ्यांपुढून हलत नाही. तुम्ही हात पुढं केलात आणि प्रभा माझ्या लुगड्याच्या निऱ्यांत शिरली. तुम्ही एवढंच म्हणालात, "राहू द्या, ओढू नका." मग बराच वेळ तिच्यासमोर नुसत्या बसून राहिलात. मी तुमच्या जागी असते तर बसले नसते. हिसकावून घेतली असती.

दुसऱ्या दिवशी तुम्ही स्वतःच उचलून तिला माझ्या ओटीत घातलंत. जंगम गुरुसिद्धप्पा अय्यांनी विभूती लावली. तेव्हा तुम्ही दोन गोष्टी सांगितल्यात, अय्यांसमक्ष, आणि मी दोन्हीला होय म्हटलं. एक, तिला कळायला लागल्यापासून सांगायचं की तिची आई ईटला आहे. दुसरी, दर नवरात्रात तुळजापुरात भेट घडवायची.

कागदावर लिहून पाठवते म्हणजे तुमच्याजवळ राहील. मी, जगदेवी, हे दोन्ही करीन.


लोहारा
आश्विन, १९४३

नीलम्माक्का,

यंदा यायचं जमत नाही. वाटेत पटकीची साथ आहे म्हणतात. आमच्या गल्लीतली माणसं जाऊन आली, धडधाकट आहेत, पण लेकराला घेऊन धोका पत्करावा असं घरात कुणाला वाटलं नाही.

तुमचा श्रीमंत रांगायला लागला असेल. त्याला एक झबलं पाठवते.

जगदेवी


लोहारा
कार्तिक, १९४४

नीलम्माक्का,

नवरात्र होऊन गेलं, तुम्ही पाच दिवस धर्मशाळेत वाट पाहिलीत असं कळलं. घरच्यांना ताप होता. खरंच होता, पण पहिल्या दोन दिवसांत उतरला.

प्रभा बरी आहे. सांगायचं म्हणता ते सांगीन. अजून लहान आहे, चार वर्षांच्या पोरीला काय कळणार.

जगदेवी


लोहारा
पौष शुद्ध नवमी, १९४७

नीलम्माक्का,

सव्वादोन वर्षांनी लिहितेय. तुमची तीन पत्रं माझ्या पेटीत आहेत. एकाचंही उत्तर दिलं नाही. आता हे पत्र बसून वाचा, उभ्यानं वाचू नका.

मागल्या आठवड्यात प्रभा खेळून आली. हातपाय चिखलानं भरलेले. गोरोबा कुंभाराच्या अंगणात चाक बघत बसते ती रोज. दारातूनच विचारती झाली, "अव्वा, ईट कुठं हाय?"

"लांब," मी म्हटलं.

"तिथं माझं नाक हाय म्हणं."

मला कळेना. मग हळूहळू उलगडलं. गोरोबाची बायको कुणाशीतरी बोलत होती, या पोरीचं नाक ना जगदेवीचं ना हणमंतप्पांचं, ते बघायला ईटला जावं लागंल. पोरीनं तेवढंच उचललं.

मी तिला न्हाऊ घातलं. केस पुसता पुसता सगळं सांगितलं. तोंड समोर नव्हतं म्हणून सांगता आलं. तिनं मध्ये एकदाही विचारलं नाही. सगळं ऐकून झाल्यावर म्हणाली, "मग तिथं कोण कोण हाय?"

"तुझी आई. बाप. तीन बहिणी. एक भाऊ."

"येवढे? आन तू मला सांगितलं न्हाई?"

दोन दिवस माझ्या हातचं जेवली नाही. दुकानात जाऊन बापाकडून गूळ-शेंगदाणे घेऊन खायची. तिसऱ्या दिवशी आली, ताटावर बसली, आणि म्हणाली, "त्या आईला माझ्याएवढी पोरगी हाय का, मग ती फ्रॉक घालती का परकर?" तेव्हापासून रोज दहा प्रश्न. तुमच्याकडं शेळी आहे का. विहिरीला पायऱ्या आहेत का. तुम्ही रागीट आहात का. मला निम्म्याची उत्तरं येत नाहीत, अक्का. सहा वर्षं तिची आई म्हणवून घेते आणि तिच्या घरची शेळी मला ठाऊक नाही.

आता दुसरं. हे तुम्ही विचारलेलं नाही, तरी सांगते.

तिला खोकला नव्हता. त्या कार्तिकात बंडप्पांचा निरोप आला तेव्हा पोर टणटणीत होती. वैद्याला मी बोलावलंच नव्हतं. निरोप्या दारात पाणी पीत होता, मी आत जाऊन पोरीला उराशी धरलं आणि मनात आलं ते लिहून टाकलं. घरच्यांनाही सांगितलं नाही. ते आजवर समजतात की पोर आजारी होती आणि ते दुकानात असताना वैद्य येऊन गेले. तुम्ही तेव्हा तिला नेली असती तर चार दिवसांत तुमची झाली असती. दहा महिन्यांचं लेकरू. मला ते माहीत होतं म्हणूनच खोटं लिहिलं.

तुळजापुरात तुम्ही तिला माझ्या ओटीत घातलीत ती तुमच्या मोठ्या मनानं. पण तोवर ती तुमच्याकडं येईनाशी झाली होती, आणि तसं मी केलं होतं.

माफी मागायला तोंड नाही. मला वाटलं तुम्हाला कळावं.

जगदेवी


लोहारा
फाल्गुन वद्य षष्ठी, १९४७

अक्का,

तुम्ही गेल्याला आज चौथा दिवस. तुम्ही होतात तेव्हा मला बोलता आलं नाही, म्हणून लिहून काढते.

दोन महिने उत्तर नाही म्हटल्यावर मी समजून चुकले होते की आता टपाल येणार नाही, माणसं येतील. बंडप्पा येतील, चार पंच घेऊन येतील. तुम्ही एकट्या, डोक्यावर गाठोडं, मोटारीतून उतरून दुकानाशी येऊन घरच्यांनाच पत्ता विचाराल असं स्वप्नातही नव्हतं. त्यांनी तुम्हाला ओळखलं आणि काट्यावरची डाळ सांडली.

स्वयंपाकघरात तुम्ही दार लोटून घेतलंत. मला वाटलं माराल. माराल तर बरं, असंही वाटलं.

तुम्ही म्हणालात, "मला ताप होता जगदेवी. मी मेले नव्हते."

आणि मग ते दुसरं. खोकल्याचं पत्र वाचून तुम्ही अकरा सोमवार धरलेत. अंगात रक्त नाही, नुकत्या उठलेल्या, आणि दिवसभर पाण्यावर राहून महादेवाला जायचात, पोरीची छाती मोकळी व्हावी म्हणून. "आकरा सोमवार," तुम्ही बोटं दाखवलीत. "आन तिकडं ती बैलापुढं रांगत होती."

मी चुलीतलं लाकूड पुढं सरकवलं. त्याची गरज नव्हती.

तुम्ही पोरीला घेऊन जाल असं मी धरून चालले होते. तिचे परकर घडी करून ठेवले होते, तुम्ही ते पाहिलेत. पण चार दिवस तुम्ही तिला नुसतं बघत होतात. ती तुमच्या मांडीवर बसून आरशात दोघींची नाकं मापत होती, तेव्हा मी परसात गेले. तुम्हाला वाटलं मी रुसले. मी रुसले नव्हते. मला एकदम हसू आलं होतं आणि ते तुमच्यासमोर येऊ नये असं वाटलं.

शेवटच्या दिवशी तुम्ही जे ठरवलंत ते घरच्यांनी आणि मी मान्य केलंय. सुगीचे दोन महिने ईटला. दर साल. मी म्हटलं, "रानात ऊन लागंल तिला."

"माझ्या बाकीच्या पोरी काय सावलीत वाढल्या?"

"भाकरी मऊ लागती तिला."

"लागू दे. दात हायेत न्हवं?"

अक्का, तुम्ही गेल्यावर ती रडली नाही. दारात उभी राहून म्हणाली, "आई आपल्यापेक्षा जोरात बोलती." मग रात्रभर झोपेत पाय झाडत होती. सकाळी मला विचारलं, सुगी कधी असते.

खोकल्याचं घरच्यांनाही सांगितलं. ते दोन दिवस बोलले नाहीत. तिसऱ्या दिवशी मीठ मागितलं.

जगदेवी


लोहारा
पौष वद्य एकादशी, १९४८

अक्का,

शांताक्का तिला घेऊन उद्या निघतायत. हे पत्र तिच्याच गाठोड्यात घालते.

ती दुधावरची साय खात नाही. अंधारात परसाकडं एकटी जात नाही, पण भीती वाटते असं कबूलही करत नाही, तेव्हा तुम्हीच काहीतरी कारण काढून सोबत जा. डोक्याला करडीचं तेल लावू नका, खाजतं म्हणते. कुणी "लोहाऱ्याची पाहुणी" म्हटलं तर चिडते. मारलंत तरी चालेल, अबोला धरू नका, अबोल्यानं ती सुकते. माझ्यामुळं ठाऊक आहे.

उजव्या गुडघ्यावरचा व्रण मी विळीवर बसले असताना झालेला आहे. माझी चूक. तुम्ही पाहाल म्हणून आधीच सांगते.

हुरड्याला ती शेंगदाण्याची चटणी मागेल. तिखट करा, तिला चालतं.

दिवस बरे नाहीत, हे तुम्हालाही दिसत असेल. घरचे म्हणत होते यंदा नको पाठवू. मी म्हटलं, दोन शब्द मोडले, तिसरा मोडणार नाही.

जगदेवी


लोहारा
चैत्र वद्य त्रयोदशी, १९४८

अक्का,

हे पोचेल की नाही ठाऊक नाही. हद्दीपलीकडं टपाल जात नाही. बब्रुवान गाडीवाला बायकापोरांना सोलापूरला पोचवायला चाललाय, तिथून कुणी बार्शीकडं जाणारा भेटला तर देईन म्हणतो. तुमच्या माहेरचा पत्ता घातलाय.

सुगी संपून महिना झाला. रझाकारांच्या भीतीनं ईटची निम्मी माणसं घरं बंद करून बार्शीच्या हद्दीत गेली, एवढीच खबर आहे. त्या निम्म्यात तुम्ही आहात का दुसऱ्या निम्म्यात, हे सांगणारं कुणी नाही.

इथलीही पुष्कळ घरं सोलापूरला गेली. माझे भाऊ न्यायला आले होते. मी गेले नाही. पोर परत आली आणि दाराला कुलूप दिसलं तर? घरचे म्हणाले, ती काय एकटी येणार आहे? खरं आहे. तरी गेले नाही. दुकान दुपारपर्यंत उघडतात, मग आम्ही दोघं आत बसतो.

लेकरू कुठं आहे, जेवलं का, अंगावर काय आहे, हे माहीत नसणं काय असतं ते मला आता कळतंय. तुम्ही ते सहा वर्षं सोसलंत. मी तर तीनच महिने. तुमच्याजवळ पत्रं होती म्हणाल, तर त्यांतली काही खोटी होती.

मी सोमवार धरलेत. नऊ झाले. अकरावर थांबणार नाही.

एक मात्र सांगते. मला पटकीची, उन्हाची, गोळीबाराची, सगळ्याची भीती वाटते. पण तुम्ही तिला ठेवून घ्याल ही भीती वाटत नाही. ती मी शोधून पाहिली, सापडली नाही. आणि ठेवून घेतलीत तरी ती जिवंत असू दे, कुठंही असू दे, एवढंच मागते.

जगदेवी


लोहारा
आश्विन शुद्ध द्वादशी, १९४८

अक्का! अक्का!

तुमचं पाकीट आज आलं. नव्या राजवटीतलं आमच्या घरचं पहिलं टपाल. टपालवाल्याला घरच्यांनी गुळाचा अख्खा खडा दिला.

तुम्ही सगळी सुखरूप. बार्शीत तुमच्या भावाच्या घरी सात महिने. ईटचं घर शाबूत, नुसतं कौल फुटलंय. मी हे चारदा वाचलं आणि प्रत्येक वेळी पहिल्यांदा वाचल्यासारखं वाटलं.

आणि मागच्या बाजूला तिचं. तिनं स्वतः लिहिलेलं! तुम्ही ते वाचलं नसेल, ती लपवून लिहिते असं तुम्हीच लिहिलंय, म्हणून उतरवून देते:

"अव्वास शरणार्थ. मी शाळेत जाते. मला जोडाक्षर येते. श्रीमंत माझ्या पाटीवर थुंकतो. मी त्याला मारले मग आईने मला मारले मग आईने त्याला मारले. माझा दात पडला. आई रोज विचारते अव्वाला लिहिले का. मी म्हणते टपाल बंद आहे. ती म्हणते तरी लिहून ठेव. माझ्याकडे आठरा कागद आहेत. अप्पांना सांग मी वजन वाचू शकते."

अप्पांना सांगितलं. ते उठून दुकानात गेले आणि उगाच तराजूची दांडी पुसत बसले. मग आत येऊन म्हणाले, उद्या निघतो, घेऊन येतो.

मी म्हटलं, तुम्ही नका जाऊ. मी जाते.

अक्का, आजवर पोर तुमच्याकडं आली, तुम्ही इकडं आलात, शांताक्का चार वेळा आल्यागेल्या. मी एकदाही ईट पाहिलं नाही. तुमची शेळी पाहिली नाही. तुम्ही म्हणाल तेव्हा येते. दिवाळी होऊ द्या, कौलं शाकारून घ्या. न्यायला येते असं समजू नका. राहायला येते. शाळा तिला तुमच्याकडं बरी वाटत असेल तर परीक्षेपर्यंत ती तिथंच राहील, मी एकटी परत जाईन.

जगदेवी


ईट
पौष शुद्ध दशमी, १९४९

दुकानात बसणाऱ्यांना,

यावेळी पत्र तुम्हाला. ज्यांना एरवी लिहिते त्या माझ्या शेजारी बसून वाल सोलतायत, आणि मी काय लिहिते ते मान लांब करून वाचतायत. वाचू दे.

पंधरा दिवस झाले. पहिले दोन दिवस मी इथं कोण, हे कुणालाच कळत नव्हतं. मलाही नाही. चुलीशी गेले तर अक्का म्हणायच्या बसा, बसले तर वाटायचं पाहुणी झाले. तिसऱ्या दिवशी त्यांच्या भाकरीला मी नाव ठेवलं, कड जाड आहे म्हणाले. त्या म्हणाल्या, मग थापा तुम्ही. तेव्हापासून भाकरी माझ्याकडं. बंडप्पा दोघींच्याही खातात आणि कुणाची चांगली ते सांगत नाहीत. शहाणा माणूस.

प्रभा हातभर वाढलीय. परकर सगळे आखूड झाले. मी आले तेव्हा वेशीपर्यंत पळत आली आणि दहा हातांवर येऊन थांबली. मग म्हणाली, "अव्वा, तू बारीक झालीस." जवळ आली ती संध्याकाळी, पण आली ती अशी की झोपेपर्यंत हलली नाही.

शाळेचं तिला मीच विचारलं. अक्का समोर होत्या. म्हटलं, तुला कुठं राहायचंय ते सांग, आम्ही दोघी रागावणार नाही. अक्कांनी माझ्याकडं असं पाहिलं की जणू मी पोरीच्या डोक्यावर हंडा ठेवला. म्हणाल्या, "लेकराला काय इचारता? आठ वर्साची हाय ती. आपण मोठ्या कशाला हाओत?" आणि मग आम्ही मोठ्या बाजूला जाऊन बसलो. ठरलं ते असं. शाळा लोहाऱ्याला, तुमच्या डोळ्यांपुढं. सुगी इथं, पुढल्या सालापासून. आणि दिवाळी एक साल त्यांची, एक आपली. सोपं होतं. सहा-सात वर्षं आधी दोघी अशा बसलो असतो तर, असं मी म्हणाले. अक्का म्हणाल्या, तेव्हा बसलो असतो तर भांडलो असतो.

परवाची गोष्ट सांगते. रानातून आलो, हातपाय धुतले. ओसरीवर म्हातारे माणिकप्पा बसलेले, बंडप्पांचे चुलते. त्यांना कमी दिसतं, पण तोंड चालू असतं. त्यांनी प्रभाला हाक मारली. "पोरी, इकडं ये. मला एकदा नक्की सांग, तू हिची का तिची?"

शेजारचे चन्नबसप्पा विडी ओढायचे थांबले. मला वाटलं म्हाताऱ्याचं तोंड दाबावं. अक्का परातीत हात घालून तशाच थांबल्या.

प्रभानं इकडं बघितलं, तिकडं बघितलं. म्हणाली, "आज्जा, मला भूक लागलीय. जी आधी वाढंल तिची."

आम्ही दोघी एकदमच उठलो. दारात खांद्याला खांदा लागला. अक्का हसायला लागल्या, अशा की त्यांना खाली बसावं लागलं, आणि मग मीही बसले, आणि पोर आमच्या दोघींना ओलांडून आत गेली आणि आपल्या हातानं वाढून घेतलं.

असो. सोमवारी निघतो. बार्शीपर्यंत गाडी, पुढं मोटार. आम्ही तिघी येतोय. अक्कांना तुळजापूर करायचं आहे, तिथून त्या लोहाऱ्याला पंधरा दिवस राहतील. बंडप्पा आधी नको म्हणत होते, मग म्हणाले, श्रीमंतला तरी घेऊन जा, म्हणजे घरात शांतता. अक्कांनी त्याला मागं ठेवलाय.

आतल्या खोलीतली पोती बाहेर काढून ठेवा. उंदरांचा बंदोबस्त करा. अक्कांना उशी लागत नाही.

जगदेवी